जलचक्र

पृथ्वीवरील पाणी सूर्याची उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या प्रभावाने समुद्र, वातावरण, जमीन आणि भूगर्भ यांमधून अखंडपणे फिरत राहते. या अभिसरणास जलचक्र असे म्हणतात. या चक्रात पाणी द्रव, वायू आणि घन अशा तिन्ही अवस्थांतून जाते. पृथ्वीवरील पाण्याचा एकूण साठा मानवी कालमानाच्या दृष्टीने जवळजवळ स्थिर आहे. मात्र त्यातील गोड्या पाण्याचा वाटा अल्प असून तो जलचक्रामुळेच पुनःपुन्हा भरून निघतो. त्यामुळे एखाद्या प्रदेशात पाणी किती उपलब्ध आहे, हे तेथील साठ्यापेक्षा तो साठा किती वेगाने भरतो आणि किती वेगाने रिता होतो यावर अधिक अवलंबून असते.

पाण्याचे वितरण

पृथ्वीवर सुमारे १३८.६ कोटी घन किलोमीटर पाणी आहे, असा अंदाज रशियन जलशास्त्रज्ञ इगोर शिक्लोमानोव्ह यांनी मांडला असून तो सर्वत्र वापरला जातो. त्यानुसार पाण्याची विभागणी पुढीलप्रमाणे आहे.

- महासागर : १३३.८ कोटी घन किमी (एकूण पाण्याच्या ९६.५ टक्के)
- हिमनद्या व हिमस्तर : सुमारे २.४ कोटी घन किमी
- खारे भूजल : सुमारे १.२९ कोटी घन किमी
- गोडे भूजल : सुमारे १.०५ कोटी घन किमी
- कायम गोठलेल्या जमिनीतील बर्फ : ३ लाख घन किमी
- गोड्या पाण्याची सरोवरे : ९१ हजार घन किमी
- खाऱ्या पाण्याची सरोवरे : सुमारे ८५ हजार घन किमी
- मातीतील ओलावा : १६,५०० घन किमी
- वातावरणातील बाष्प : १२,९०० घन किमी
- दलदली : सुमारे ११,५०० घन किमी
- नद्या : २,१२० घन किमी

एकूण पाण्यापैकी गोडे पाणी सुमारे २.५ टक्के, म्हणजे ३.५ कोटी घन किमी भरते. त्यातील ६८.७ टक्के बर्फाच्या रूपात असून त्याचा फार मोठा भाग अंटार्क्टिका व ग्रीनलँड येथे आहे. सुमारे ३० टक्के गोडे पाणी जमिनीखाली आहे. पृथ्वीवरील सर्व पाणी १०० लिटर मानले, तर गोडे पाणी अडीच लिटर होईल. त्यातील पावणेदोन लिटर बर्फ असेल आणि पाऊण लिटर भूजल असेल. गोड्या पाण्याच्या सर्व सरोवरांचा वाटा सुमारे साडेसहा मिलिलिटर, तर जगातील सर्व नद्यांचा वाटा जेमतेम तीन थेंब एवढाच राहील. गोठलेल्या स्थितीत नसलेल्या भूपृष्ठीय गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी सायबेरियातील बैकल या एकाच सरोवरात आहे.

जलचक्रातील प्रक्रिया

बाष्पीभवन : समुद्र, सरोवरे, नद्या आणि ओली जमीन यांच्या पृष्ठभागावरील पाण्याचे बाष्पात रूपांतर होते. यासाठी मोठ्या प्रमाणावर उष्णता लागते. एक किलोग्रॅम पाणी ० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सहापट उष्णता सामान्य तापमानास तेवढ्याच पाण्याचे बाष्प होण्यास लागते. ही उष्णता बाष्पात सुप्त रूपाने राहते आणि ढग तयार होताना मोकळी होते. वादळांना व मोसमी पावसाला लागणारी ऊर्जा मुख्यतः हीच असते.

बाष्पोच्छ्वास : वनस्पती मुळांवाटे शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून बाष्परूपाने बाहेर टाकतात. जमिनीवरून हवेत जाणाऱ्या बाष्पाचा मोठा हिस्सा या मार्गाने जातो.

सांद्रीभवन : हवा वर चढताना प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने संपृक्त नसलेली हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. दवबिंदू तापमान गाठल्यावर धूळ, धूर आणि समुद्री मीठ यांच्या सूक्ष्म कणांभोवती बाष्पाचे जलबिंदू बनतात व ढग तयार होतात.

वृष्टी : जलबिंदू किंवा हिमकण पुरेसे मोठे झाले, की ते पाऊस, हिम अथवा गारा यांच्या रूपाने खाली येतात.

वाहणे आणि मुरणे : जमिनीवर पडलेल्या पाण्याचा काही भाग ओढे-नद्यांतून वाहून जातो, काही मातीत मुरतो आणि काही पुन्हा हवेत जातो. मातीतून आणखी खाली झिरपलेले पाणी खडकांच्या सच्छिद्र किंवा भेगाळ थरांत साठते. अशा थरास जलधर म्हणतात. जलधरातील पाणी झरे, विहिरी आणि नदीपात्र यांतून पुन्हा भूपृष्ठावर येते. पावसाळा संपल्यावरही नदी वाहती राहते, ती प्रामुख्याने या पाण्यामुळे.

वार्षिक ताळेबंद

महासागरांवरून दरवर्षी सुमारे ४ लाख १३ हजार घन किमी पाण्याचे बाष्पीभवन होते. त्यापैकी ३ लाख ७३ हजार घन किमी पाणी महासागरांवरच पावसाच्या रूपाने परत पडते. उरलेले सुमारे ४० हजार घन किमी पाणी वाऱ्यांबरोबर जमिनीवर येते. जमिनीवर एकूण १ लाख १३ हजार घन किमी वृष्टी होते. त्यातील ७३ हजार घन किमी बाष्पीभवन व बाष्पोच्छ्वास यांद्वारे हवेत परत जाते आणि ४० हजार घन किमी नद्या व भूजलप्रवाह यांमार्फत समुद्रास मिळते. म्हणजेच समुद्राकडून जमिनीला येणारे आणि जमिनीकडून समुद्राला जाणारे पाणी सरासरीने सारखेच असते. जमिनीवरील सृष्टीच्या वाट्याला दरवर्षी नव्याने येणारे गोडे पाणी ते एवढेच.

वास्तव्यकाल

पाण्याचा कण एखाद्या साठ्यात सरासरी जितका काळ राहतो, त्यास वास्तव्यकाल म्हणतात. साठ्याच्या आकारमानास त्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पाण्याने भागले असता तो मिळतो. वातावरणातील बाष्पाचा वास्तव्यकाल अवघा नऊ ते दहा दिवसांचा, तर नद्यांतील पाण्याचा सुमारे तीन आठवड्यांचा असतो. मातीतील ओलावा एक-दोन महिने टिकतो. महासागरात पाण्याचा कण सरासरी तीन हजार वर्षांहून अधिक काळ राहतो. अंटार्क्टिकातील हिमस्तरात वेध घेऊन काढलेल्या नमुन्यांतून आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हिमवर्षावाची सलग नोंद मिळाली आहे.

भूजलाचा वास्तव्यकाल सर्वांत विषम आहे. उथळ जलधरातील पाणी काही महिन्यांत बाहेर पडते, तर उत्तर आफ्रिकेतील न्युबियन वालुकाश्माच्या जलधरातील पाणी हजारो वर्षांपूर्वी, सहारा आजच्यापेक्षा आर्द्र असताना मुरलेले आहे. अशा पाण्यास जीवाश्म जल म्हणतात. ते उपसले असता मानवी कालमानात भरून येत नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांमुळे पावसाच्या पाण्यात ट्रिटियम या किरणोत्सारी समस्थानिकाचे प्रमाण वाढले होते. त्याच्या मोजणीवरून भूजल त्या काळापूर्वी मुरलेले आहे की त्यानंतर, हे ठरवता येते.

महासागरांची भूमिका

महासागरांनी पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग व्यापला असून त्यांची सरासरी खोली सुमारे ३.७ किमी आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोरीन यांचे प्रमाण सर्वाधिक असते. खडकांच्या झिजेतून सुटलेले क्षार नद्या समुद्रात आणतात. बाष्पीभवनात केवळ पाणीच हवेत जाते व क्षार मागे राहतात. कोकणातील मिठागरांमध्ये मीठ याच तत्त्वावर तयार केले जाते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी वेगळे करण्याचे काम निसर्गात बाष्पीभवनामुळेच होते. समुद्रपृष्ठावरून दरवर्षी सरासरी १.१ मीटर जाडीचा थर बाष्परूपाने निघून जातो.

तापमान व क्षारता यांतील फरकामुळे पाण्याच्या घनतेत फरक पडतो आणि त्यातून खोल सागरी प्रवाह निर्माण होतात. उत्तर अटलांटिक महासागरात आणि अंटार्क्टिकाभोवती थंड व जड पाणी तळाकडे जाते आणि शेकडो वर्षांनी अन्यत्र पृष्ठभागी येते. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे.

मोसमी पाऊस आणि सह्याद्री

जलचक्राचे टप्पे मर्यादित भूप्रदेशात स्पष्टपणे दिसणारे एक ठिकाण म्हणजे भारताचा पश्चिम किनारा. उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी तापल्याने तेथे कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते व जूनपासून नैर्ऋत्येकडून बाष्पयुक्त वारे वाहू लागतात. त्यांपैकी अरबी समुद्रावरून येणारी शाखा सह्याद्रीच्या भिंतीला अडते आणि वर चढते. हवा थंड होऊन कोकण, गोवा व घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. घाट ओलांडल्यावर वारे खाली उतरतात, तापतात आणि कोरडे होतात. यामुळे पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार झाला आहे.

मुंबईत वर्षाला सुमारे २,२०० ते २,४०० मिलिमीटर, तर महाबळेश्वर येथे साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटाच्या पूर्वेस पाऊस वेगाने कमी होत जातो आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव या तालुक्यांत तो सुमारे ५०० मिलिमीटरांवर येतो. महाराष्ट्रातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातही प्रत्यक्ष पावसाचे दिवस थोडे असल्याने उरलेल्या आठ महिन्यांची भिस्त साठवलेल्या पाण्यावर असते.

सह्याद्रीचा माथा हा जलविभाजकही आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वर येथे आणि कृष्णा महाबळेश्वर येथे उगम पावते. अरबी समुद्र जवळ असूनही या दोन्ही नद्या पूर्वेकडे सुमारे १,४०० किमीहून अधिक अंतर कापून बंगालच्या उपसागरास मिळतात. अरबी समुद्रावरून आलेले पाणी अशा रीतीने द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्रात जाते.

दख्खनच्या खडकातील भूजल

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हे लाव्हाथर एकावर एक साचत गेले. अभंग बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी जवळजवळ मुरत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या व सच्छिद्र थरांत आणि खडकातील भेगांत. त्यामुळे एकाच शिवारातील एका विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या विहिरीत खडखडाट, असे चित्र आढळते.

या खडकातील रिकाम्या जागेचे प्रमाण अल्प असते. भूजलपातळी बदलली असता प्रत्यक्ष किती पाणी साठते वा सुटते, हे या प्रमाणावर ठरते. हे प्रमाण दोन टक्के धरल्यास, ५० मिलिमीटर पाणी मुरताच भूजलपातळी अडीच मीटरने वर येते. नदीने आणलेल्या गाळाच्या जमिनीत हेच प्रमाण १५ टक्के धरले, तर तेवढ्याच पाण्याने पातळी सुमारे ३३ सेंटिमीटरच वाढते. म्हणून बेसाल्ट प्रदेशात विहिरी एक-दोन चांगल्या पावसांत तुडुंब भरतात आणि उपसा सुरू झाल्यावर तितक्याच लवकर तळ गाठतात. भरलेली विहीर ही विपुल साठ्याची खूण असतेच असे नाही. महाराष्ट्रात तापी व पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर असून तेथील जलधर तुलनेने मोठे आहेत.

कोकणात व गोव्यात पाऊस विपुल असला, तरी तीव्र उतारामुळे पाणी समुद्राकडे वेगाने वाहून जाते. सच्छिद्र जांभ्या खडकात मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. परिणामी अतिवृष्टीच्या या पट्ट्यातील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टंचाई भासते. किनाऱ्यालगत गोडे भूजल अधिक जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर त्याखाली गोड्या पाण्याचा थर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४० मीटर खोल असतो. अतिरिक्त उपशाने पातळी थोडी जरी खाली गेली, तरी खारे पाणी बरेच वर सरकते व विहिरी मचूळ होतात.

मानवी हस्तक्षेप

धरणे, कालवे, जंगलतोड, शहरीकरण आणि भूजलाचा उपसा यांमुळे जलचक्राच्या भूपृष्ठावरील टप्प्यांत मोठे बदल झाले आहेत. डांबर व काँक्रीट यांनी झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई अशा दोन्ही आपत्ती एकाच शहरात उद्भवतात. काही प्रकल्पांनी नैसर्गिक जलविभाजकच ओलांडला आहे. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेच्या कोयना जलाशयातील पाण्याचा मोठा भाग वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवला जातो. एरवी कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागरास मिळणारे हे पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात जाते.

भूजलाच्या उपशात भारताचा जगात पहिला क्रमांक लागतो. देशात दरवर्षी सुमारे २४० ते २५० घन किमी भूजल उपसले जाते व त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक पाणी सिंचनासाठी वापरले जाते. उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाल्यास काय घडते, हे पर्जन्यछायेतील एका कल्पित गावाच्या हिशेबाने स्पष्ट करता येते. १,००० हेक्टर क्षेत्राच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास गावाच्या शिवारात ५० लाख घनमीटर पाणी पडते. त्यातील दहा टक्के, म्हणजे ५ लाख घनमीटर, जमिनीत मुरते असे मानू. दोन हजार लोकसंख्येस माणशी रोज ५५ लिटर या दराने पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पाणी लागेल. उसाच्या पिकास वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे ५०० मिलिमीटर वजा केल्यास उरलेले १,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १५ हजार घनमीटर पाणी विहिरींतून द्यावे लागेल. या हिशेबाने ३३ हेक्टरांवरील ऊस गावाचे वर्षभराचे जवळजवळ सर्व भूजल संपवू शकतो. गावाची तहान भागण्यास मुरलेल्या पाण्याचा बारावा हिस्सा पुरतो. टंचाई पावसाच्या प्रमाणाइतकीच पाण्याच्या वाटपावरही अवलंबून असते, हे यातून दिसते.

महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळानंतर या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवण्यात आला, भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क देण्यात आला आणि उसासारखी पिके वर्ज्य मानण्यात आली. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाबरोबर पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची पद्धत रूढ केली. पावसाच्या नोंदीवरून उपलब्ध पाणी ठरवून त्यानुसार पिके निवडली जातात आणि सिंचनासाठी कूपनलिका खोदण्यास गावात बंदी आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्या भागातील साठे रिकामे झाल्याने शेकडो किलोमीटर अंतरावरील कृष्णेच्या खोऱ्यातून हे पाणी नेण्यात आले. राज्यात भूजलाच्या पातळीची नोंद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही शासकीय संस्था निरीक्षण विहिरींच्या साहाय्याने ठेवते. उपशाचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ करण्यात आला आहे.

हवामान बदलाचा परिणाम

तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अतिवृष्टीच्या घटनांची तीव्रता वाढते. त्याच वेळी जमिनीतील ओलावा अधिक वेगाने उडून जातो. थोड्या वेळात कोसळलेला पाऊस मुरण्यापेक्षा वाहून जास्त जातो. म्हणून एकूण पावसाचे प्रमाण तेच राहिले, तरी भूजलाचे पुनर्भरण घटू शकते. हिमनद्या वितळल्याने आणि समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावल्याने १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ग्रीनलँडचा हिमस्तर संपूर्ण वितळल्यास समुद्रपातळी सुमारे सात मीटरने वाढेल.

अभ्यासाचा इतिहास

प्राचीन भारतीय ग्रंथांत पाऊस व भूजल यांविषयी निरीक्षणे आढळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याच्या पात्राचा उल्लेख असून निरनिराळ्या प्रदेशांतील पावसाचे प्रमाण द्रोण या मापात दिले आहे. त्यात अपरान्त, म्हणजे कोकणाकडील प्रदेशातील पाऊस अमाप मानला आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत दकार्गल हा भूजलशोधाविषयीचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात झाडे, वारुळे आणि माती यांच्या खुणांवरून पाण्याचा ठाव घेण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत.

युरोपात नद्यांचे पाणी समुद्रातून भूगर्भातील मार्गांनी डोंगरांत पोहोचते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. झरे व नद्या पावसाच्याच पाण्याने वाहतात, असे सोळाव्या शतकात बर्नार पालिसी या फ्रेंच कारागिराने प्रतिपादन केले. १६७४ मध्ये प्येर पेरो याने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यातील वृष्टी व नदीचा प्रवाह यांची तुलना केली. त्या खोऱ्यातील वृष्टी नदीच्या वार्षिक प्रवाहाच्या सुमारे सहापट असल्याचे त्याला आढळले. नद्यांच्या प्रवाहासाठी पाऊस पुरेसा आहे, हे यातून मोजमापाने सिद्ध झाले. पुढे १६८७ मध्ये एडमंड हॅली याने भूमध्य समुद्रावरील बाष्पीभवनाचा अंदाज मांडला आणि नद्यांना लागणारे पाणी समुद्राच्या बाष्पातून येऊ शकते हे दाखवून दिले. या दोन मोजमापांनी जलचक्राच्या आधुनिक संकल्पनेचा पाया घातला.

हेही पहा

- भूजल
- मोसमी वारे
- पर्जन्यछाया
- दख्खनचे पठार
- पाणलोट क्षेत्र विकास
- महासागर